रकाना सातमधला 'मदरसा'

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाची यादी माझ्या हातात आली तेव्हा तिच्यात २३ नावं होती आणि सातव्या रकान्यात सगळ्या ओळींना एकच शब्द. पहिल्या पानावर तो 'मदरसा' होता, दुसऱ्या पानावर 'मदरशा' झाला होता आणि शेवटी शेवटी लिहिणारीचा हात दुखला असावा, नुसतं 'म.' रकान्याचं शीर्षक 'बालक सध्या कोठे आहे'. शेजारी आठवा रकाना, 'शाळाबाह्य आहे काय'. तिथं वरपासून खालपर्यंत 'होय'.

ही यादी मला दाखवली एका उर्दू प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी. नागपुरातल्या उर्दू माध्यमाच्या शाळांत मी २१ वर्षं मराठी शिकवलं. सरांची थोरली मुलगी माझ्या हाताखालून गेलेली. निवृत्तीनंतरही फोन येत राहतात. कुणाला अर्ज लिहून हवा असतो, कुणाला शासन निर्णयातलं मराठी समजावून हवं असतं. हा फोन वेगळा होता. "टीचर, मेरे स्कूल के बच्चे स्कूल में नहीं हैं, ऐसा कागज आया है."

यातली बरीच मुलं सरांच्या हजेरीपटावर होती, 'सरल' या राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदीत त्यांची नावं होती, आधार जोडलेलं होतं, खिचडीच्या रजिस्टरमध्ये रोजची खूण होती. आणि तीच मुलं सर्वेक्षणात शाळाबाह्य. ३० सप्टेंबरची पटसंख्या धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. एकच मूल एका कागदावर शाळेत आणि दुसऱ्या कागदावर शाळेबाहेर दिसलं, तर संशय पटावर येतो, सर्वेक्षणावर नाही. सरांना बोगस पटाचा ठपका नको होता. मला मात्र वेगळंच खुपत होतं. एका वस्तीत तेवीस पोरं असली तर तेवीस भानगडी असतात. सगळ्यांचं उत्तर एकच कसं?

'सध्या' म्हणजे केव्हा?

सर्वेक्षण केलं होतं एका तरुण शिक्षिकेनं. मराठी शाळेवर नोकरी, वरून हे काम. मी तिला घरी बोलावलं, चहा टाकला. ती आली तीच बचावाच्या तयारीनं.

"मॅडम, मी माझ्या मनानं काही नाही लिहिलं जी. घरोघरी फिरली. त्यांनीच सांगितलं, मदरसे गया म्हणून."

"किती वाजता जात होतीस?"

"दिवसा कशी जाणार? शाळा राहते ना. शाळा सुटली का मग निघत होती. सहा, साडेसहा, कधी साडेसात."

"आणि विचारलंस काय?"

"फॉर्मवर आहे तेच. सध्या कुठं आहे. त्यांना मराठी अडते म्हणून हिंदीत विचारलं, बच्चा अभी कहाँ है?"

इथंच गाठ सुटली. फॉर्मवरचा 'सध्या' म्हणजे या वर्षात, या दिवसांत. त्याचं हिंदी तिच्या तोंडी आलं 'अभी', आणि 'अभी' म्हणजे आत्ता, या घडीला. मोमिनपुऱ्याच्या आसपासच्या कुठल्याही गल्लीत संध्याकाळी साडेसहाला दारात उभं राहून 'बच्चा अभी कहाँ है' विचारा, खरं उत्तर एकच मिळेल: मदरसे गया है. असर आणि इशा या दोन नमाजांच्या मधल्या वेळात वस्तीतली पोरं मशिदीच्या ओट्यावर नाही तर वरच्या खोलीत कुराण वाचायला बसलेली असतात. सकाळी अकराला तीच दारं वाजवली असती तर 'स्कूल गया' ऐकू आलं असतं. रविवारी दुपारी गेली असती तर निम्मी पोरं 'क्रिकेट' या सदरात जमा झाली असती.

लोक खोटं बोलले नव्हते आणि पोरीनंही खोटं लिहिलं नव्हतं. तरी कागद खोटा झाला.

एका घरी तर आणखी गंमत झाली होती. बाप म्हणाला, "लड़का तालीम ले रहा है." हिला वाटलं, पोरगा आखाड्यात जातो. तिनं कौतुकानं विचारलं, कुस्ती का? मराठीत तालीम म्हणजे लाल माती, लंगोट, जोर-बैठका. नाही तर नाटकाची रंगीत तालीम. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, कुठलंही. शब्द एकच, पण दोन घरी दत्तक गेला आणि दोन्हीकडं वेगळा वाढला.

कायदा संपला, सिपारा सुरू

मी तिला म्हटलं, आता कागद बाजूला ठेव, बघून येऊ. मुख्याध्यापक सर सोबत आले. मोमिनपुऱ्याचं नाव मोमिन म्हणजे विणकर समाजावरून पडलेलं. उत्तर हिंदुस्थानातून पोट भरायला इकडं आलेली ही माणसं. त्यामुळं इथल्या जुन्या लोकांच्या बोलीत अजून पूरबचा लहेजा आहे आणि नातवांच्या बोलीत निखळ नागपूर. आम्ही गेलो ती वस्ती तिथून फार लांब नाही. एका छोट्या मशिदीच्या वर पत्र्याची खोली, प्लॅस्टिकच्या चटया, भिंतीला टेकवलेल्या लाकडी रेहल. पुस्तक उघडं ठेवायची ती घडीची चौकट, आपल्याकडं पोथीला असते तशीच. तीसेक पोरं मागंपुढं डुलत आपापला सबक म्हणत होती, सगळी एकाच वेळी. बाहेरच्याला तो गोंगाट वाटतो. समोर बसलेल्या हाफिजसाहेबांना, म्हणजे अख्खं कुराण पाठ असलेल्या गुरुजींना, मात्र कुठल्या कोपऱ्यात कोण अडखळलं ते कळत होतं, कारण मधेच ते मान न वळवता एखाद्याचं नाव घेऊन चूक दुरुस्त करत.

सगळ्यात पुढं पाच-सहा वर्षांचा एक पोरगा बोट ठेवून म्हणत होता: "बा जबर ब, बा जेर बि, बा पेश बु."

बाई माझ्या कानाशी लागली. "मॅडम, ही तर बाराखडी आहे."

बाराखडीच. अक्षराच्या डोक्यावर तिरपी रेघ म्हणजे जबर, पायाशी म्हणजे जेर, वर छोटी वेलांटीसारखी खूण म्हणजे पेश. ब, बि, बु. आपल्या अंकलिपीच्या जागी त्यांच्याकडं जे पातळसं पुस्तक असतं त्याचं नाव 'कायदा'. नूरानी कायदा, बगदादी कायदा, असे प्रकार असतात. शेजारच्या पोराला मी विचारलं, तुझं कुठवर आलं? तो छाती काढून म्हणाला, "मेरा कायदा खतम हो गया. अब पहला सिपारा चालू है." बाईनं माझ्याकडं पाहिलं. कायदा खतम? मला हसू आवरेना. अरबीत 'काइदा' म्हणजे पाया, नियम. आपण त्यातला नियम उचलला आणि कोर्टात नेऊन बसवला. त्यांनी पाया उचलला आणि पोराच्या हाती दिला. सिपारा म्हणजे कुराणाच्या ३० भागांपैकी एक.

त्याच पोराच्या रेहलखाली मला ओळखीचं काही दिसलं. ओढून पाहिलं तर 'सुलभभारती', बालभारतीचं, मराठी सोडून इतर माध्यमांच्या मुलांसाठी असलेलं मराठीचं पुस्तक. उद्याचा गृहपाठ राहिला होता, तो सबक म्हणता म्हणता उरकत होता. यादीत याचं नाव बाराव्या ओळीत होतं. शाळाबाह्य: होय.

खाली उतरलो तर ओट्यावर एक म्हातारे चाचा बसलेले. आयुष्य मागावर गेलेलं. सरांनी ओळख करून दिली तसे म्हणाले, "हम भी चौथी तक मदरसे में पढ़े." कुठला मदरसा म्हणून विचारलं तर त्यांनी काठीनं रस्त्यापलीकडं दाखवलं. सरांचीच शाळा. सरकारी अनुदानावर चालणारी, भूगोल-गणित शिकवणारी, १५ ऑगस्टला झेंडा लावणारी उर्दू प्राथमिक शाळा. त्यांच्या लेखी तो मदरसाच.

चाचा चुकत नव्हते, हे मला इथं जरा सविस्तर सांगायचं आहे.

अरबीत द-र-स हा धातू शिकण्याचा. 'दर्स' म्हणजे धडा, 'मुदर्रिस' म्हणजे शिकवणारा, आणि 'मदरसा' म्हणजे शिकण्याची जागा. जागा दाखवायची असली की अरबी पुढं 'म' लावते: ज्या जागी सजदा करतात ती 'मस्जिद', ज्या जागी लिहितात ती 'मकतब'. तेव्हा मदरसा या शब्दात धर्म कुठंच नाही. कैरोत आजही कुठल्याही शाळेला मदरसाच म्हणतात, ती मिशनऱ्यांनी काढलेली असली तरी. तेहरानमध्ये मुलं रोज सकाळी दप्तर घेऊन 'मदरसे'लाच जातात. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलीगढला जी संस्था काढली, जिचं पुढं विद्यापीठ झालं, तिचं नाव 'मदरसतुल उलूम'. आणि ती काढली होती इंग्रजी आणि पाश्चात्त्य विद्या शिकवायला.

इकडं आपल्या शेजारी, बिदरला, बहमनी वजीर महमूद गावान यानं १४७२ मध्ये बांधलेल्या मदरशाचा एक मिनार अजून उभा आहे, निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अंगावर घेऊन. त्या काळचं ते विद्यापीठच. वॉरन हेस्टिंग्जनं १७८० मध्ये कलकत्त्यात मदरसा काढला तो कंपनीच्या न्यायालयांना मुस्लिम कायदा जाणणारे अधिकारी मिळावेत म्हणून.

मग शब्द आखडला कधी? गावोगावी सरकारी शाळा निघाल्या, त्यांना 'स्कूल' म्हणायची रीत पडली, आणि जुना शब्द जुन्या विद्येकडं राहिला. १८६६ मध्ये देवबंदला दारुल उलूम सुरू झालं, लोकांच्या वर्गणीवर, सरकारचा पैसा न घेता. लखनौच्या फिरंगी महलमधल्या मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावानं ओळखला जाणारा 'दर्स-ए-निजामी' हा १८ व्या शतकातला अभ्यासक्रम अशा संस्थांतून टिकला. हळूहळू मदरसा म्हणजे तेवढंच. आपल्याकडं 'पाठशाळा' शब्दाचं असंच झालं. अर्थ साधा, पाठ घ्यायची जागा. उत्तरेत प्राथमिक पाठशाला म्हणजे कुठलीही सरकारी शाळा. मराठी कानाला मात्र पाठशाळा म्हटलं की शेंडी आणि संहिता आठवते.

आणि एक व्याकरणाची गंमत, मराठीच्या बाईची खोड म्हणून सोडून द्या. पैसा-पैशात, ससा-सशाचा, तसं आपण मदरसा-मदरशात म्हणतो. शब्द पुरता मराठी झाल्याचा याहून मोठा दाखला नाही. पण 'मदरशात'वरून उलटं चालत लोक 'मदरशा' असा एक शब्द तयार करतात, जो कुठल्याच भाषेत नाही. यादीच्या दुसऱ्या पानावर तो होता. याचा त्रास पुढं झाला.

तेवीसची फोड

आजच्या बोलण्यात 'मदरसा' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे मकतब: तास-दीड तास, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, घराजवळ, बाकी दिवस शाळेत. विहारात रविवारी मुलांचे वर्ग भरतात किंवा देवळात संस्कारवर्ग असतो, त्याच जातीची ही गोष्ट, फक्त रोजची. दुसरी, हिफ्ज: अख्खं कुराण पाठ करणं, बहुधा तिथंच राहून, त्याला दोन ते चार वर्षं लागतात. तिसरी, आलिम म्हणजे धर्मपंडित होण्याचा अभ्यासक्रम: अरबी व्याकरण, हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं, फिक्ह म्हणजे धर्मशास्त्राचे नियम, तर्कशास्त्र, सात-आठ वर्षांचं काम. वस्तीतल्या बाईला यातला फरक पक्का ठाऊक असतो, पण बोलताना ती तिन्हीला मदरसाच म्हणते, जसं आपण शिकवणी, क्लास आणि कोचिंग यांना सरसकट 'ट्यूशन' म्हणून मोकळे होतो.

हा घोळ आमच्या गल्लीपुरता नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानं तो नेमका पकडला आहे. शाळेच्या वयाच्या मुस्लिम विद्यार्थ्यांपैकी मदरशात शिकणारे साधारण ४ टक्के. तरी 'त्यांची सगळी मुलं मदरशातच' हा समज का? अहवालानं एक कारण दिलं ते हेच: लोक मदरसा आणि मकतब यांत फरक करत नाहीत.

आम्ही तेवीस नावं घेऊन बसलो. सर, मी आणि ती बाई, शाळेच्या ऑफिसात, दोन दुपारी. पटाशी ताडून पाहिलं, शेजारच्या शाळांना फोन लावले. अठरा मुलं रीतसर शाळेत होती. बहुतेक सरांकडं, काही दुसऱ्या उर्दू शाळेत आणि एक चक्क सदर भागातल्या इंग्रजी शाळेत, ज्याची फी ऐकून सरच गप्प झाले. एक पोरगा चार वर्षांचा निघाला, म्हणजे ६ ते १४ या वयातच बसत नव्हता.

राहिले चार. आणि माझ्या मते हे प्रकरण लिहिण्याजोगं आहे ते या चौघांमुळं.

अठरा नावं चुकीची निघाल्यावर ऑफिसात हुरूप आला होता. सर म्हणाले, "देखा टीचर, सब गलत. पूरी लिस्ट कैंसल करवाते." मी म्हटलं, थांबा. ज्या शब्दानं अठरा मुलांना नको तिथं टाकलं, त्याच शब्दाआड चार मुलं लपली आहेत. यादी रद्द झाली की तीही रद्द होतील.

त्यातले तिघं हिफ्जचे. दोघं बिहारमधून आलेले, टेका नाक्याच्या पलीकडं एका निवासी मदरशात राहणारे. तिसरा इथलाच, बारा वर्षांचा, पाचवीतून काढलेला. या तिघांना मी भेटले. दिनक्रम कडक: पहाटेच्या फजर नमाजाच्या आधी उठणं, नवा पाठ म्हणजे सबक, दुपारी मागच्या काही दिवसांचं, संध्याकाळी जुनी उजळणी, तिला ते मंजिल म्हणतात. इथल्या मुलाचे एकोणीस पारे, म्हणजे सिपारे, झाले होते. मी त्याला आठ सत्ते किती विचारलं. तो बराच वेळ छताकडं बघत राहिला आणि मग म्हणाला, "आता था." येत होतं. ते दोन शब्द मला अजून आठवतात.

पाठांतराला मी नावं ठेवणार नाही. मीही पोरांकडून मनाचे श्लोक घोकून घेतले आहेत. पण पाचवीतलं पोर शाळेतून काढून पाठांतराला बसवणं आणि शाळा सांभाळून पाठांतर करणं, यांत अंतर आहे. आळंदीला १९१७ मध्ये जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली. आज त्या गावात अनेक मुलं पहाटे-संध्याकाळी हरिपाठ आणि पखवाज, मधल्या वेळात शाळा, असं करतात. हिफ्जचं तसं होऊ शकतं. होतही आहे, काही ठिकाणी. या तिघांचं होत नव्हतं.

कायदा, आपल्या अर्थाचा कायदा, इथं लंगडतो. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. २०१२ च्या दुरुस्तीनं त्यात घातलं की मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना तो लागू नाही. संस्था सुटली, ठीक. पण ६ ते १४ वयाच्या मुलाचा हक्क संविधानाच्या २१-अ कलमातला आहे, तो संस्थेबरोबर सुटतो का? २०१५ च्या जुलैत राज्य सरकारनं याचं उत्तर आपल्या पद्धतीनं दिलं: गणित, विज्ञान, समाजशास्त्र, इंग्रजी न शिकवणारा मदरसा ही शाळा नव्हे, तिथली मुलं शाळाबाह्य धरावीत. मोठा गदारोळ झाला. उत्तर प्रदेशात किंवा बिहारमध्ये आहे तसं मदरसा बोर्ड महाराष्ट्रात नाही, त्यामुळं मधली वाट दाखवायला कुणी नाही. उत्तर प्रदेशच्या बोर्डाचा २००४ चा कायदा सर्वोच्च न्यायालयानं ५ नोव्हेंबर २०२४ ला वैध ठरवला, कामिल आणि फाजिल या वरच्या पदव्या तेवढ्या वगळून, आणि शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी सरकार नियम करू शकतं हेही मान्य केलं. इथं उपयोगाची आहे ती डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना. तिच्यात शाळेचे विषय शिकवणाऱ्या डी.एड. शिक्षकाचं मानधन ऑक्टोबर २०२४ मध्ये ६,००० वरून १६,००० रुपये झालं. त्या निवासी मदरशाच्या मोहतमिमांना, म्हणजे व्यवस्थापकांना, सरांनी हे सांगितलं. ते अदबीनं ऐकून घेऊन म्हणाले, "कागज बहुत माँगते हैं." खोटं नाही.

चौथी एक मुलगी. नऊ वर्षांची. शाळेत नाव कधीच घातलेलं नाही. आई चार घरची कामं करते, दोन धाकटी भावंडं हिच्या कडेवर. सर्वेक्षणाच्या दिवशी दादीनं सांगितलं होतं, "मदरसे में है." खरं काय, तर शेजारच्या आपांकडं ती तासभर कायदा शिकायला जायची, तेही भावंडं झोपली तर. 'मदरसा' हा शब्द दादीच्या मदतीला आला होता. मूल कुठंतरी शिकतंय असं दाखवणारा, लाज राखणारा शब्द. बाईनं तो लिहिला आणि पुढं गेली. तेवीस ओळींत ही एक ओळ सगळ्या अर्थांनी शाळाबाह्य होती आणि बाकीच्यांच्या गर्दीत ती कुणालाही दिसली नसती.

दुसरी फेरी

दुरुस्तीसाठी पुन्हा घरोघर जावं लागणार होतं. तोवर आठवडा गेला होता आणि वस्तीत बातमी पसरली होती की सरकार मदरशांची यादी करून राहिली. दुसऱ्या फेरीत बाईला तीच दारं उघडली, पण उत्तरं फिरलेली. "हमारा कोई बच्चा मदरसे नहीं जाता." ज्या पोराला तिनं स्वतः रेहलसमोर बसलेलं पाहिलं होतं, त्याची आई म्हणाली, तो घरीच असतो. हिफ्जच्या मुलाचा बाप म्हणाला, "वो तो नानी के यहाँ गया है." पहिल्यांदा सगळे मदरशात, दुसऱ्यांदा कुणीच नाही. दोन्ही याद्या सारख्याच निकामी.

मी त्या लोकांना दोष देत नाही. कागदावर हा शब्द आला की पुढं काय येतं, याचा अंदाज त्यांनी आपापल्या अनुभवानं बांधलेला असतो. पण या भीतीचा पहिला फटका त्यांच्याच पोरांना बसतो, हे मी दोन-तीन घरी बसून स्पष्ट बोलले. काहींना पटलं, एकीनं चहा न विचारता दार लावलं.

मग आम्ही शब्दच टाकून दिला. बाईनं वहीच्या पानावर उभ्या रेघा मारल्या आणि प्रत्येक घरी एवढंच विचारलं: सकाळी आठला बच्चा कुठं असतो, बाराला कुठं, चारला कुठं, साडेसहाला कुठं? आणि शाळेचं नाव नको, खिचडी कुठं खातो ते सांगा. खिचडीबद्दल कुणी खोटं बोलत नाही. दोन दिवसांत चित्र साफ झालं. नऊ वर्षांच्या मुलीच्या ओळीत चारही वेळांना 'घर' होतं. दादी स्वतःच गप्प झाली.

दुरुस्त यादी पाठवताना तो जुना 'मदरशा' आडवा आला. कार्यालयातल्या संगणकावर 'मदरसा' शब्दानं नावं गाळून दुरुस्ती केली गेली. ज्यांच्यापुढं 'मदरशा' किंवा 'म.' होतं ती नावं गाळणीतून सुटली आणि जुनीच नोंद पुढं गेली. बाराव्या ओळीतला, सुलभभारतीवाला पोरगा त्यातच होता. सरांना तिसऱ्यांदा पत्र द्यावं लागलं. ते पत्र मी लिहिलं आणि त्यात मुद्दाम तिन्ही शुद्धलेखनं घातली.

मुलीला वयानुरूप प्रवेशाच्या तरतुदीनं चौथीत घेतलं. धाकट्या भावाला अंगणवाडीत घातलं. धाकटी बहीण आईबरोबर कामावर जाते. पहिल्या आठवड्यात मी जाऊन बसले. वाटलं होतं, कायदा येतो तर उर्दू लवकर येईल. अक्षरं ती झरझर ओळखत होती, पे, टे, चे, गाफ ही अरबीत नसलेली सोडून. मग धडा उघडला आणि ती थबकली. पानावर बोट फिरवत म्हणाली, "टीचर, इसमें जबर-जेर नहीं है. कैसे पढ़ूँ?" उर्दूची पुस्तकं सहसा त्या खुणा छापत नाहीत, वाचणाऱ्याला शब्द आधीच ठाऊक आहे असं धरतात. कायद्यात प्रत्येक अक्षराला काठी असते, इथं काठीशिवाय चालायचं. सरांनी पेन्सिलीनं पहिल्या चार ओळींवर जबर-जेर घालून दिले. आता ती स्वतः घालून वाचते आणि मग खोडते.

इथल्या हिफ्जच्या मुलाच्या वडिलांनी सांगितलं आहे की तीस पारे झाले, रमजानमध्ये एकदा तरावीह, म्हणजे रात्रीची खास नमाज, पढवली की आठवीत घालतो. सरांनी त्याचं नाव एका वेगळ्या कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे. दरम्यान तो शुक्रवारी, मदरशाच्या सुट्टीच्या दिवशी, शाळेतल्या एका सरांकडं गणिताला येतो. पाढे परत आले आहेत.

बिहारच्या दोघांबद्दल विचारणा गेली आहे, यांची गणना इथं करायची की त्यांच्या गावी. उत्तर आलेलं नाही. त्यातला धाकटा ईदला घरी गेला तो परतला नाही. त्याच्या ओळीत, सातव्या रकान्यात, आता 'स्थलांतरित' असं लिहिलेलं आहे.